सेकंड बॉडी घेताय? जुना प्रो कॅमेरा कसा निवडायचा, कसा तपासायचा

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. लग्नाचे फोटो काढणारे आपापली सेकंड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा दुसरा कॅमेरा, जुन्यात शोधत असतात. "दादा, निकॉनचा डी700 मिळतोय, घेऊ का? की कॅननचा 5डी मार्क टू बघू?" फोन चोपड्याहून असो नाहीतर साक्रीहून, मी उलट एकच विचारतो, "भाऊ, तुझ्याकडे पहिला कोणता आहे?" समोरचा जरा हिरमुसतो. त्याने चार-पाच व्हिडिओ पाहिलेले असतात, कुठल्या कॅमेऱ्याचा रंग कसा येतो हे त्याला तोंडपाठ असतं, आणि मी भलतंच काहीतरी विचारतोय असं त्याला वाटतं. पण जोडी लावायची तर दुसरा बैल पहिल्याच्या चालीचा बघतात. एकटा कितीही देखणा असला तरी जोडीत ओढ वेगळी पडली की तास वाकडं जातं.

हे मी एका लग्नात शिकलो. पारोळ्याजवळचं गाव, मे महिना, दुपारी पाऊणचा मुहूर्त. मांडवातले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. तिसऱ्या मंगलाष्टकाला माझ्या मुख्य कॅमेऱ्याचा आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. घाबरलो नाही, कारण पिशवीत दुसरी बॉडी होती, त्याच वर्षी स्वस्तात घेतलेली. काढली, तर तिची एकुलती एक बॅटरी आदल्या रात्री हळदीत संपलेली आणि चार्जर अमळनेरला घरी. पहिल्या कॅमेऱ्याच्या चार भरलेल्या बॅटऱ्या खिशात, पण त्यातली एकही हिच्यात बसेना. नवरदेवाचा मामा कानाशी येऊन म्हणाला, "काय भाऊ, बंद पडना का?" अक्षता पडल्या तेव्हा मी माझ्या पोराच्या मोबाइलवर फोटो काढत होतो.

म्हणून आधी जोडी, मग मॉडेल.

पहिली पायरी: दुसरी बॉडी कशासाठी हवी ते ठरवा

तीन कारणं असतात. एक म्हणजे पहिली बंद पडली तर काम थांबू नये. दुसरं, दोन लेन्स दोन बॉड्यांवर कायम लावून ठेवायच्या. तिसरं, दुसऱ्या माणसाच्या हातात एक कॅमेरा द्यायचा.

खानदेशात मला दुसरं कारण सगळ्यात मोठं वाटतं. हळदीत हळद उडते, वरातीत गुलाल, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पळाले की धुळीचा लोट उठतो, आणि होळीच्या दिवसांत सातपुड्यात गेलात तर माती, राख, धूर सगळंच. अशा ठिकाणी लेन्स बदलायला माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, उघडणं म्हणजे सेन्सरला आमंत्रण. एका खांद्यावर 24-70 ची लेन्स, दुसऱ्यावर 70-200 ची, आणि दिवसभर माउंट उघडायचंच नाही. यासाठी दुसरी बॉडी घेत असाल तर ती पहिलीच्या बरोबरीची हवी, कारण निम्मा अल्बम तिच्यातूनच येणार.

नुसता बॅकअप हवा असेल तर एक पायरी खालची चालते. माणसाच्या हातात द्यायची असेल तर त्याला जमेल अशी बघा. नवख्या पोराच्या गळ्यात कॅननचा 1डी एक्स अडकवला तर 1,340 ग्रॅमची बॉडी आणि वर लेन्स, वरात निम्मी होईस्तोवर त्याची मान गळते.

दुसरी पायरी: पहिल्या बॉडीची कुंडली मांडा

कागदावर चार गोष्टी लिहा: माउंट, बॅटरी, कार्ड, फ्लॅश-ट्रिगर. चारपैकी तीन तरी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यातही बॅटरी जुळलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कॅननवाल्यांचं इथे बरं चालतं. एलपी-ई6 घराण्याची बॅटरी 5डी मार्क टू, 5डी मार्क थ्री, 6डी, 7डी, 7डी मार्क टू या सगळ्यांना चालते, आणि आर6सारख्या मिररलेसमध्येही, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यातही, त्याच आकाराची बॅटरी आहे. निकॉनमध्ये चार घराणी आहेत. ईएन-ईएल15 ही डी750, डी610, डी800, डी810, डी7000, डी7200, डी500 आणि झेड6 यांची. ईएन-ईएल3ई ही डी700, डी300, डी90 यांची. डी3 आणि डी3एसला ईएन-ईएल4ए लागते, डी4ला ईएन-ईएल18. म्हणजे तुमच्याकडे डी750 असेल आणि कुणी डी700 स्वस्तात देतोय, तर त्या किमतीत दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर आधी मिळवा, मग स्वस्त की महाग ते बोला. सोनीत ए7 टूची बॅटरी एनपी-एफडब्ल्यू50, ए7 थ्रीची एनपी-एफझेड100. दोन्ही एकमेकींत बसत नाहीत, आणि जुनी फार लवकर उतरते. ए7 थ्रीवाल्याने दुसरा वापरलेला ए7 थ्री किंवा 2017 चा ए9 बघावा. ए7 टूच्या वाटेला जाऊ नये.

लेन्समध्ये फसगत करणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, बॉडीवर बसत नाही. आरएफ लेन्स कुठल्याच डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर, बसत नाही, मात्र ईएफ लेन्स अडॅप्टरने मिररलेसवर चालते. म्हणून आर6वर अजून जुन्या ईएफ लेन्स वापरणाऱ्याला 5डी मार्क थ्री फार सोयीचा पडतो. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीत मोटर लागते. ती डी700, डी3, डी300, डी750 सगळ्यांत आहे, पण झेड मिररलेसच्या अडॅप्टरवर त्याच लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. उलट नव्या जातीची एएफ-पी लेन्स डी700, डी3सारख्या जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाही.

कार्डाचं लोक हसण्यावारी नेतात. डी700 आणि 5डी मार्क टू या दोघांत फक्त सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड, तेही एकच. एसडी कार्ड रात्री दहाला तालुक्याच्या गावात मोबाइलच्या दुकानातही मिळेल, सीएफ जळगावात भर दिवसाही शोधावं लागतं. डी4मध्ये एक सीएफ आणि एक एक्सक्यूडी, म्हणजे वेगळ्याच जातीचं कार्ड, आहे. डी500, डी850 यांना पुढे नवं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) आलं आणि त्यांत सीएफएक्सप्रेस हे नवं कार्ड चालू लागलं, डी4ला ते मिळालं नाही. 5डी मार्क थ्रीमध्ये दोन स्लॉट आहेत, सीएफ आणि एसडी, पण एसडीचा स्लॉट संथ आहे. दोन्हीवर एकदम लिहायला लावलं की सीएफलाही त्याच चालीने चालावं लागतं. तरीही मी दोन्हीवरच लिहितो. थोडं थांबणं परवडतं, मंगळसूत्राचा फोटो गेलेला परवडत नाही.

तिसरी पायरी: मेगापिक्सेलचा हिशेब अल्बमवरून करा

आपला अल्बम बहुतेक 12 बाय 36 इंचांचा, म्हणजे दोन पानं उघडल्यावर. डी3, डी700 यांचे 12 मेगापिक्सेल म्हणजे 4256 बाय 2832 पिक्सेल. एका पानावर, म्हणजे 18 इंच रुंदीत, असा फोटो टाकला तर इंचाला साधारण 236 पिक्सेल पडतात. छान छपाई होते. पण तोच फोटो पूर्ण 36 इंचांवर ताणला की 118 उरतात, आणि वर 12 बाय 36 च्या आकारात बसवायला वरचा-खालचा भाग कापावा लागतो तो वेगळाच. 5डी मार्क थ्रीचा 5760 पिक्सेलचा फोटो 18 इंचांवर 320 आणि 36 इंचांवर 160 देतो.

याचा अर्थ 12 मेगापिक्सेल बाद, असा नाही. कँडिड, विधी, पाहुणे, पंगत यासाठी ते भरपूर आहेत. नवरा-नवरीची डबल पानाची फ्रेम मात्र जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीने काढा. आणि काढताना नीट भरून काढा, नंतर क्रॉप करू या भरवशावर राहू नका.

चौथी पायरी: मॉडेल

कॅननमध्ये खरी निवड 5डी मार्क थ्री आणि 6डी यांच्यात आहे. दोन्ही 2012 चे, दोघांची बॅटरी एक, आयएसओ (अंधारात उजेड पकडायची ताकद) दोघांचा 25600 पर्यंत. मार्क थ्रीला 61 फोकस पॉइंट आणि दोन कार्ड, शटर 1/8000 पर्यंत. 6डीला 11 पॉइंट, त्यातला फक्त मधला भरवशाचा, पण तो मधला अंधारात मार्क थ्रीलाही मागे टाकतो. शेतातल्या घरी एका बल्बवर हळद चालली असेल तर 6डीचा मधला पॉइंट चेहरा पकडतो. त्याचं दुखणं दिवसा कळतं. शटर 1/4000 लाच थांबतं. रणरणत्या उन्हात आयएसओ 100 ला f/2.8 एवढ्या छिद्रासाठी साधारण 1/3200 लागतं, तिथवर ठीक. 85 ची लेन्स f/1.8 वर उघडली की 1/8000 च्या आसपास जावं लागतं आणि 6डी हात वर करतो. शिवाय कार्ड एकच. बॅकअपला 6डी, बरोबरीने वापरायला मार्क थ्री, असं मी सांगतो.

5डी मार्क टू 2008 चा, 21 मेगापिक्सेल. उजेडात त्याचा फोटो आजही सुंदर येतो. पण 9 पॉइंटांतला मधला सोडला तर बाकीचे मंद प्रकाशात चाचपडत बसतात. वरातीसाठी नको, कपल शूट आणि फॅमिली ग्रुपसाठी चालेल. व्हिडिओ करणार असाल तर फर्मवेअर बघा. 25 फ्रेमचा पर्याय त्याला 2010 च्या फर्मवेअरने मिळाला, आधी फक्त 30 होता, आणि आपल्या 50 हर्ट्झच्या दिव्यांखाली 25 फ्रेम आणि 1/50 हेच शोभतं. पहिला 5डी, 2005 चा, आता हौसेचा कॅमेरा आहे. त्याचा आरसा चिकटवलेल्या जागेवरून सुटून पडायचा आणि कंपनीने तो मोफत दुरुस्त करून दिला होता. ते काम झालेलं आहे का, हे विचारल्याशिवाय हातही लावू नका.

निकॉनमध्ये माझा कौल डी750ला. 2014 चा, 24 मेगापिक्सेल, दोन एसडी कार्ड, बॉडी 750 ग्रॅम, अंधारात फोकस पक्का. सुरुवातीच्या काही खेपांच्या शटरमध्ये दोष होता आणि कंपनीने तो मोफत बदलून दिला. म्हणून सीरियल नंबर तपासायचा आणि काम झाल्याचा कागद मागायचा. डी600 (2012) स्वस्तात दिसेल. त्याच्या सेन्सरवर तेलाचे ठिपके उडायचे. शटर बदललेला मिळाला तर वाईट नाही, नाहीतर थोडे जास्त देऊन डी610 घ्या.

डी700 बद्दल लिहायला बसलो की मी जरा हळवा होतो. 2008 चा, 995 ग्रॅम, दगडासारखा. बॅटरी ग्रिप आणि मोठी बॅटरी लावली की सेकंदाला 8 फोटो. पण व्हिडिओ नाही, कार्ड एक, आणि जुन्या निकॉनचं रबर फुगून सुटतं. आज पहिल्यांदाच निकॉन घेणाऱ्याला मी डी700 सुचवणार नाही. घरात डी300 आणि ईएन-ईएल3ईच्या बॅटऱ्या पडून असतील, तर मात्र जरूर.

डी3, डी3एस, डी4, 1डी एक्स ही मोठी जनावरं. शटरला मरण नाही, थंडी-पाऊस सोसतात, आणि 1डी एक्सला कंपनीनेच 45 अंशांपर्यंतचं तापमान दिलं आहे. बाकीच्या बहुतेक बॉड्यांना 40 अंशच. भुसावळ-जळगावात मे महिन्यात सावलीतच 45 होतं, तेव्हा आपण सगळेच नियमाबाहेर काम करत असतो. पण दुरुस्तीला आणि बॅटरीला पैसा लागतो तोही जनावराच्याच मापाने. खेळ, यात्रा, घोडे, वन्यजीव असं काम असेल तर घ्या, निव्वळ लग्नांसाठी नाही.

एक गोष्ट या सगळ्यांना लागू. हॉलमधले हलके एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा उघडझाप करतात. फोटो काढताना ती सांभाळून घेणारी सोय कॅननमध्ये 7डी मार्क टूपासून (2014) आणि निकॉनमध्ये डी5, डी500 पासून (2016) आली. वर सांगितलेल्या 5डी, 6डी, डी700, डी750 यांत ती नाही. तेव्हा अशा हॉलमध्ये शटर 1/100 किंवा 1/50 वर बांधून ठेवायचं, नाहीतर एका फोटोत नवरी उजळ आणि पुढच्यात पिवळट-काळसर.

पाचवी पायरी: कुठे आणि कधी घ्यायचा

सगळ्यात चांगला सौदा ओळखीच्या फोटोग्राफरकडचा, जो मिररलेसवर चाललाय किंवा धंदाच बदलतोय. त्या कॅमेऱ्याने कुठली लग्नं केली हे तुम्हाला माहीत असतं. दुसरं ठिकाण मुंबईत फोर्टमधलं बोरा बाजार. नंदुरबारकडच्यांना ताप्ती लाइनने सुरत जवळ पडतं. तिसरं म्हणजे ऑनलाइन जाहिराती. तिथे "मी फौजेत आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. कॅमेरा हातात घेतल्याशिवाय एक रुपया नाही.

वेळ चातुर्मासाची. आषाढी झाली की ऑर्डरी थांबतात, हप्ते थांबत नाहीत, आणि विकणारा ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. कार्तिकात तोच कॅमेरा भाव खातो.

फोनवरच एक काम करून घ्या. आज काढलेला एक ताजा जेपीजी, जसाच्या तसा, व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर आतली माहिती पुसली जाते. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये शटर काउंट (शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा) आणि सीरियल नंबर दोन्ही असतात. कॅननच्या बहुतेक फाइलींत काउंट नसतो, तो यूएसबीने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरवर बघावा लागतो. 1डी एक्समध्ये मात्र तो मेन्यूतच दिसतो.

शटर काउंट हा ट्रॅक्टरच्या तासांसारखा. कंपनीने 5डी मार्क टू, मार्क थ्री, डी700, डी750 यांना दीड लाखाचं माप दिलंय, 6डीला एक लाख, डी3ला तीन लाख, 1डी एक्स आणि डी4ला चार लाख. हे चाचणीचं माप आहे, हमी नाही. दोन दिवसांच्या एका लग्नाला 2,500 फोटो धरले तर 40 लग्नांत एक लाख होतात. म्हणून चाळीसगावच्या चालत्या स्टुडिओतला पाच वर्षं वापरलेला कॅमेरा "फक्त 18 हजार क्लिक" सांगत असेल, तर एकतर शटर बदललंय किंवा कुणीतरी गोष्ट रचतंय. बदललं असेल तर चांगलंच आहे, बिल दाखवा म्हणावं.

सहावी पायरी: हातात घेतल्यावर

जाताना स्वतःची भरलेली बॅटरी, स्वतःचं रिकामं कार्ड, ओळखीची 50 ची लेन्स, फ्लॅश आणि ट्रिगर, ब्लोअर, छोटी टॉर्च आणि लॅपटॉप न्या. चहा नंतर. विकणाऱ्याच्या गप्पांत आणि शेव-भाजीत गुंतलात की निम्म्या गोष्टी बघायच्या राहतात.

आधी कॅमेरा बंद ठेवून बघा. खालच्या पट्टीचे स्क्रू झिजलेले किंवा खरवडलेले असतील तर तो उघडलेला आहे. माउंटची कडी एका बाजूला घासलेली, हॉटशूचा रंग उडालेला, हे वापराचे डाग आहेत, त्यांना घाबरायचं नाही. कोपरा चेपलेला, तिथून चीर गेलेली, ट्रायपॉडच्या भोकाचे आटे गेलेले, तर तो पडलेला आहे. रबर दाबून बघा, चिकट लागतंय का, हलतंय का. सीएफचा स्लॉट टॉर्चने बघा: आत 50 पिना सरळ रांगेत दिसल्या पाहिजेत. एक जरी वाकलेली असेल तर सौदा तिथेच संपला.

आता लेन्स काढून आरसा बघा, मग क्लीनिंग मोडने आरसा वर करून सेन्सर टॉर्चने तिरका बघा. धूळ ब्लोअरने जाते, ओरखडा जात नाही. नंतर f/16 वर लेन्स अनंतावर ठेवून आभाळाचा फोटो काढा आणि लॅपटॉपवर शंभर टक्के बघा. मऊ करडे ठिपके म्हणजे धूळ, ते साफ होतात. पण सरळ रंगीत रेघ, आडवी किंवा उभी, किंवा एकाच जागी गोळा झालेले रंगीत ठिपके दिसले तर तो कॅमेरा डीजेच्या लेझरपुढे गेलाय. लेझरने सेन्सर कायमचा जळतो. वरातीत व्हिडिओ केलेल्या बॉड्यांत हे विशेष शोधा, कारण व्हिडिओ चालू असताना सेन्सर उघडा असतो.

लेन्सला टोपी लावून आयएसओ 1600 ला 30 सेकंदांचा फोटो काढा. दोन-चार चमकते ठिपके प्रत्येकात असतात. चांदणं पसरल्यासारखं दिसलं तर नको. कॅमेरा तापला की हे ठिपके वाढतात, म्हणून मी ही चाचणी अर्धा तास कॅमेरा चालवून झाल्यावर करतो.

शटरची चाचणी पांढऱ्या भिंतीवर, दिवसाच्या उजेडात. तेवढाच उजेड ठेवून, छिद्र आणि आयएसओ बदलत 1/60 पासून त्या कॅमेऱ्याच्या शेवटच्या वेगापर्यंत फोटो काढा. सगळे सारखे उजळ आले पाहिजेत. वरच्या वेगांना एका कडेला काळा पट्टा येत असेल तर शटरचा पडदा थकलाय. मग सलग मोडवर बोट दाबून दोन-तीनशे फोटो एका दमात काढा. विकणारा "अहो, काउंट वाढतो!" म्हणाला तर म्हणू द्या.

फोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर पसरून तिरकं बघा, एका मथळ्यावर फोकस करा, आधी व्ह्यूफाइंडरने, मग लाइव्ह व्ह्यूने. लाइव्ह व्ह्यूचा चोख आणि व्ह्यूफाइंडरचा पुढे-मागे येत असेल तर फरक आहे. तो मेन्यूतल्या बारीक दुरुस्तीने, म्हणजे उणे 20 ते अधिक 20 च्या पट्टीत, निघाला तर ठीक. पट्टीच्या टोकाला जावं लागलं तर आरसा किंवा माउंट हललेलं आहे. कडेचे पॉइंटही एकेक करून बघा. लोक फक्त मधला बघतात.

बटणं, चाकं, जॉयस्टिक सगळं दहा-दहा वेळा. चाक फिरवताना एक आकडा गाळून पुढे उडी मारत असेल तर आत धूळ आहे. फ्लॅश लावून पाच फोटो, ट्रिगर लावून पाच. बॅटरीच्या माहितीचं पान उघडा: कॅननमध्ये तीन हिरव्या पट्ट्या म्हणजे बॅटरी तंदुरुस्त, निकॉनमध्ये वय 0 ते 4 दिसतं आणि 4 म्हणजे ती म्हातारी. शेवटी बॅटरी काढून दोन मिनिटांनी परत घाला. तारीख-वेळ पुसली गेली असेल तर आतला छोटा सेल उतरलाय किंवा गेलाय. 5डी मार्क टूमध्ये तो आपण स्वतः बदलू शकतो, बाकी काहींना दुरुस्तीवाला लागतो.

सातवी पायरी: भाव आणि कागद

हातात 100 रुपये असतील तर 75 चाच कॅमेरा घ्या. उरलेले 25 दोन बॅटऱ्या, कार्ड आणि एका सर्व्हिसिंगला लागणारच. घासाघीस करताना "जुना झालाय" म्हणू नका, त्याला काही अर्थ नाही. "रबर बदलायला लागेल, बॅटरी वय तीनवर आहे, सेन्सर साफ करावा लागेल" असं एकेक मांडा आणि त्याचे त्याचे पैसे कमी करा. त्याआधी तुमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून या मॉडेलचं शटर आज मिळतं का, एवढं विचारून ठेवा. नाही म्हणाला तर लाख क्लिकच्या वरचा कॅमेरा नको.

मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर साध्या कागदावर लिहून घ्या: मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. बॉडीखालचा नंबर आणि फाइलमधला नंबर एकच आहे ना ते तिथेच ताडून बघा. ओळखीच्याकडून घेतानाही मी हे करतो. एकदा एका मित्राला राग आला होता. आला तर आला.

आठवी पायरी: जोडी जुळवणं

दोन्ही बॉड्यांची घड्याळं सेकंदापर्यंत एक करा, आणि हे दर ऑर्डरीच्या सकाळी करा. चार मिनिटांचा फरक राहिला तर संगणकावर सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येते, आणि अल्बमवाला पोरगा तशीच लावून मोकळा होतो. फाइलची नावं बदलता येत असतील तर एकीला ए, दुसरीला बी असं अक्षर द्या. बॉडीवर रंगीत टेपची छोटी पट्टी लावा, म्हणजे मदतनीसाला "लाल पट्टीवाला दे" म्हणता येतं.

रंग जुळवायला वेळ द्या. मी पिवळ्या कापडाच्या मांडवात दोन बॉड्यांनी एकाच नवरीची हळद काढली होती: एकीत गालावरची हळद लिंबासारखी हिरवट, दुसरीत केशरी, आणि हिरवी चुडी दोन्हीकडे वेगळीच. तेव्हापासून ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. दोन्हीवर एकच केल्व्हिन (व्हाइट बॅलन्सचा आकडा), एकच पिक्चर स्टाइल, आणि मांडवात शिरल्यावर ग्रे कार्डचा, म्हणजे करड्या पुठ्ठ्याचा, एक-एक फोटो दोन्हीने. वेगळ्या पिढीच्या बॉड्या असतील तर थोडा फरक उरतोच, तो रॉ फाइलवर एकदा प्रोफाइल बनवून ठेवला की पुढे दर वेळी डोकं खपवावं लागत नाही.

उन्हाळ्यात नवी आलेली जुनी बॉडी गाडीच्या डिकीत ठेवू नका. ज्या कॅमेऱ्यावर काम चालू नाही, त्यावर पांढरा सुती रुमाल टाकून तो सावलीत, शक्यतो वऱ्हाडाच्या पाण्याच्या जारांच्या बाजूला ठेवा. कुलरपुढे मात्र नको, ओलसर हवा आत शिरते.

आणि पहिली ऑर्डर लग्नाची घेऊ नका. मी श्रावणात घेतलेली बॉडी आमच्याच गल्लीतल्या कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला, नेली होती. रात्रभर जागरण, पिवळा बल्ब, सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन नदीकडे निघालेल्या बाया, मधूनच पावसाची सर. दोन्ही बॉड्या गळ्यात, साडेबाराशे फोटो. रोटाचं जेवण उरकून फोटो बघायला बसलो तर नव्या बॉडीचे डावीकडच्या पॉइंटने काढलेले सगळे फोटो नखभर मागे फोकस झालेले. लग्नं लागायला तीन महिने होते, तेवढ्यात ती दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली.